कॉम्प्रेसरची मोटार पुन्हा पुन्हा ट्रिप का होते?

पौड रस्त्याने चांदणी चौक मागे टाकून भूगाव, भुकूम, पिरंगुट, घोटावडे फाटा असे जाऊ लागले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना पत्र्याच्या शेडी लागतात. कोठे पंक्चरचे दुकान, कोठे गॅरेज, कोठे फर्निचरला स्प्रे मारणारे, कोठे सोफ्याचे रेक्झिन पिनगनने ठोकणारे, तर कोठे युनिफॉर्म शिवणारा छोटा कारखाना. या सर्वांच्या कोपऱ्यात एक वस्तू हमखास असते, ती म्हणजे हवेचा कॉम्प्रेसर. चालू असला तर त्याच्याकडे कोणी पाहत नाही. बंद पडला की सारे कारागीर हात बांधून बसतात आणि मालकाचा दिवस फुकट जातो.

या यंत्राबाबत सर्वात जास्त ऐकू येणारी तक्रार एकच. मोटार चालू होते, घुमते आणि स्टार्टरचा ओव्हरलोड रिले ट्रिप होतो. रिसेटचे बटण दाबावे, पुन्हा तेच. मग कोणीतरी उस्ताद येतो, स्क्रू ड्रायव्हर घेऊन रिलेवरचा आकडा वाढवतो आणि म्हणतो, "आता नाही होणार." खरोखर होत नाही. दोन-चार आठवड्यांनी मोटारीतून धूर निघतो आणि ती रिवाइंडिंगला जाते. सीझन असेल तर जळालेल्या तांब्यापेक्षा परत गेलेल्या ऑर्डरीचे नुकसान मोठे असते. म्हणून आपल्या कारागीर व व्यापारी बंधूंसाठी हा विषय थोडा खोलात जाऊन मांडीत आहे.

रिले काय पाहतो?

रिलेच्या आत दोन वेगवेगळ्या धातूंची एकत्र जोडलेली पट्टी असते. मोटारीचा करंट तिच्या भोवतीच्या तारेतून जातो, पट्टी तापते, वाकते आणि कॉन्टॅक्टरचा पुरवठा तोडते. म्हणजे रिले वस्तुतः उष्णता मोजतो. करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते, हे सूत्र ध्यानात ठेवावे. ५ हॉर्सपॉवरच्या थ्री फेज मोटारीचा पूर्ण लोडचा करंट साधारण साडेसात अॅम्पियर असतो. नेमका आकडा नेमप्लेटवर असतो आणि डायरेक्ट स्टार्टरच्या रिलेचे सेटिंग त्याच आकड्यावर हवे. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले मोटारीच्या फेजच्या तारांत बसवलेला असेल, तर नेमप्लेटच्या ५८ टक्के धरावे लागते. पुष्कळ ठिकाणी तेथे पूर्ण आकडाच लावलेला दिसतो. अशा जागी रिले असून नसल्यासारखा.

नेहमीच्या दहाव्या वर्गाचा रिले सेटिंगपेक्षा ५ टक्के जास्त करंटवर दोन तासांत ट्रिप होऊ नये, २० टक्के जास्त असेल तर दोन तासांच्या आत व्हावा आणि ७.२ पट करंट गेला तर १० सेकंदांच्या आत व्हावा, असे प्रमाण आहे. या आकड्यांतच रोगाचे निदान दडलेले आहे. बटण दाबताच पाच-सहा सेकंदांत ट्रिप होणे आणि अर्ध्या तासाने ट्रिप होणे हे दोन निराळे आजार आहेत. म्हणून मिस्त्रीला बोलावण्यापूर्वी मालकाने एवढेच टिपून ठेवावे की ट्रिप केव्हा झाला, टाकीच्या घड्याळात त्या वेळी किती प्रेशर होते आणि त्याआधी मशीन किती वेळ बंद होते.

रिसेटबद्दल एक सूचना. पट्टी थंड व्हायला काही मिनिटे लागतात, लागोपाठ बटण दाबून काही साधत नाही. काही रिलेंना हॅण्ड आणि ऑटो अशा दोन जागा असतात. कॉम्प्रेसरवर ती नेहमी हॅण्डवरच असावी. ऑटोवर ठेवल्यास दुरुस्ती करणाऱ्याचा हात पट्ट्यात असताना मोटार आपोआप सुरू होऊ शकते.

सुरू होतानाच ट्रिप होत असेल तर

मोटार जागेवरून उठताना पूर्ण लोडच्या सुमारे सहापट करंट घेते. सहापट करंट म्हणजे छत्तीसपट उष्णता. दोन-तीन सेकंदांत तिने वेग पकडला तर काही बिघडत नाही, रिलेला ते ठाऊक असते. पण वेगच पकडता आला नाही तर रिले ट्रिप होणारच. भरलेली हातगाडी सपाट रस्त्यावर एक माणूस ढकलतो, चढावर उभी असेल तर तोच माणूस ती जागची हलवू शकत नाही. कॉम्प्रेसरच्या बाबतीत हा चढ म्हणजे हेडमध्ये अडकलेली हवा.

चांगल्या कॉम्प्रेसरमध्ये यासाठी दोन व्यवस्था असतात. टाकीच्या तोंडाशी नॉन रिटर्न व्हॉल्व्ह असतो, तो टाकीतली हवा मागे हेडकडे येऊ देत नाही. आणि प्रेशर स्विचला जोडलेला छोटा अनलोडर असतो, तो मोटार थांबताच हेड व डिलिव्हरी पाइपमधली हवा बाहेर सोडतो. मोटार थांबल्यावर जो "फुस्स" आवाज येतो तो त्याचाच. आवाज दोन-चार सेकंद येऊन थांबला तर सर्व ठीक. मुळीच आला नाही तर अनलोडर किंवा त्याची बारीक नळी चोंदली आहे. आवाज थांबतच नसेल तर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह गळत आहे आणि टाकी उलट्या दिशेने रिकामी होत आहे.

पिरंगुट भागातील एका शिलाई कारखान्याचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. मी कापडाचा व्यापारी, त्यांना माल देत असल्याने ही हकीकत जवळून पाहिली. तेथे प्रेस बटण बसवण्याच्या मशीनसाठी ५ हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर होता. तो रोज सकाळी ट्रिप होई, जुम्याच्या नमाजनंतर काम सुरू करताना होई आणि वीज जाऊन आली की होई. दिवसभर मात्र स्वतःच्या प्रेशर स्विचवर बंद-चालू होताना एकदाही होत नसे. आणखी मौज अशी की आठवड्याच्या सुट्टीनंतरच्या सकाळी तो निमूट सुरू होई. वायरमनने रिले दोनदा बदलला. सकाळी व्होल्टेज कमी असते, थंडीने ऑइल घट्ट होते, असे तर्क झाले. कोणी म्हणाले की घाटाकडची हवा पातळ, म्हणून मोटार दमते. हे तर अगदीच चुकीचे. समुद्रसपाटीपासून १००० मीटर उंचीपर्यंत साधी मोटार तिची पूर्ण ताकद देते आणि पिरंगुट-पौड त्याच्या बरेच खाली आहे.

उत्तर त्या वेळापत्रकातच होते. काम संपले की मुलगा स्टार्टरचे लाल बटण दाबून घरी जाई. टाकी त्या वेळी भरत असे, पण कट-आउटपर्यंत पोहोचलेली नसे. अशा वेळी प्रेशर स्विचला मोटार थांबल्याचे कळतच नाही. त्याचे कॉन्टॅक्ट जोडलेलेच राहतात आणि अनलोडर उघडत नाही. वीज गेली तरी हेच होते. त्यातच नॉन रिटर्न व्हॉल्व्ह गळका, त्यामुळे टाकीचे प्रेशर रात्रभर हेडवर बसून राही आणि सकाळी मोटार चढावर उभी सापडे. सुट्टीच्या दिवशी एवढा वेळ मिळे की बारीकसारीक गळतीने टाकीच रिकामी होई, म्हणून नंतरची सकाळ सुखाची. व्हॉल्व्ह खोलला तेव्हा चकतीखाली कार्बनचा कडक थर निघाला. तो साफ करून बसवला, चकती बदलली. सोबत सवयही बदलली. आधी प्रेशर स्विचची खुंटी ऑफ करायची, "फुस्स" ऐकायचे, मग स्टार्टर व मेन स्विच. वीज गेली तरी प्रथम ती खुंटी ऑफ करून ठेवायची.

ही तपासणी कोणालाही करता येईल. टाकी पूर्ण रिकामी करून, ड्रेन कॉक उघडा ठेवून मोटार सुरू करावी. सुरळीत चालली, पण टाकी भरलेली असताना उठत नसेल, तर संशय प्रथम हवेच्या बाजूवर घ्यावा. रिकाम्या टाकीवरही ट्रिप झाली तर मेन स्विच बंद करून, फ्यूज काढून खिशात घालावेत आणि पट्टा उतरवावा. कॉम्प्रेसरचे चाक हाताने फिरवून पाहावे. ते अडखळत असेल तर बेअरिंग, पिस्टन किंवा घट्ट झालेले ऑइल पाहावे. चाक मोकळे फिरत असेल, तर फ्यूज लावून एकटी मोटार चालवावी. ती एकटीही ट्रिप होत असेल तर दोष मोटारीत, स्टार्टरमध्ये किंवा येणाऱ्या विजेत.

येथे एक गोष्ट जीवावर बेतणारी आहे. नॉन रिटर्न व्हॉल्व्हला पाना लावण्यापूर्वी मेन स्विच बंद हवा, टाकीचे घड्याळ शून्यावर हवे आणि ड्रेन कॉक उघडा हवा. घड्याळ बिघडलेलेही असू शकते, म्हणून कॉक उघडून पाहावाच. प्रेशरमध्ये सुटलेला व्हॉल्व्ह गोळीसारखा उडतो. तसेच सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा उडतो म्हणून त्यात खिळा ठोकणारे लोक आहेत. टाकीशेजारी आपला शागीर्द बसतो, पुष्कळदा तो आपलाच मुलगा असतो.

चालता चालता ट्रिप होत असेल तर

अशा वेळी वायरमनकडून टाँग टेस्टर लावून घ्यावा आणि टाकी भरत असताना २, ४, ६, ८ किलो प्रेशरला करंट लिहून काढावा. करंट हळूहळू चढतो, हे योग्यच आहे. कट-आउटच्या वेळी तो नेमप्लेटच्या आकड्याच्या आत असला पाहिजे. शेवटच्या टप्प्यातच तो पुढे जात असेल तर कोणी प्रेशर स्विचचा स्क्रू आवळून कट-आउट वाढवले आहे काय, ते पाहावे. दुसरा नेहमीचा उद्योग पुलीचा. हवा कमी पडते म्हणून मोटारीवर ४ इंचीऐवजी ५ इंची पुली चढवली जाते. त्याने कॉम्प्रेसरचा वेग २५ टक्के वाढतो आणि मोटारीवरचा बोजाही निदान तेवढाच वाढतो. ५ हॉर्सपॉवरच्या मोटारीकडून सव्वासहा हॉर्सपॉवरचे काम मागितले तर ती किती दिवस देणार?

हवा कमी पडण्याचे कारण बहुधा गळती असते. ६-७ किलो प्रेशरला ३ मिलिमीटरच्या भोकातून सेकंदाला सुमारे १० लिटर हवा निघून जाते. ५ हॉर्सपॉवरचा पिस्टन कॉम्प्रेसर सेकंदाला साधारण ७ ते ९ लिटरच देतो. म्हणजे फाटलेला पाइप, ढिली क्लिप, घासलेले कपलर यांच्या गळतीची बेरीज एवढ्या भोकाइतकी झाली तर सर्व कमाई तेथेच जाते, मोटारीला उसंत मिळत नाही आणि दुपारी ती तापून ट्रिप होते. हा सरळ इस्राफ आहे. दुपारी सर्व गन बंद करून टाकी भरावी, मोटार बंद करावी आणि घड्याळाचा काटा पाहावा. तो खाली उतरत असेल तर साबणाचे पाणी व ब्रश घेऊन सांधे तपासावेत.

पट्टा प्रमाणाबाहेर ताणलेला नसावा. एअर फिल्टर झटकावा. ऑइल कॉम्प्रेसरचेच असावे, गाडीतून काढलेले नव्हे. चाकावरचा बाण पाहावा. लाइनचे किंवा मोटारीचे काम झाल्यावर दोन फेज अदलाबदल होतात, चाक उलटे फिरते, हवा तर भरते, पण चाकाचे पाते सिलिंडरवर वारा घालण्याऐवजी उलट ओढते आणि हेड तापते.

आता विजेची बाजू

सन १९२७ पासून मुळशीच्या धरणाचे पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याला नेऊन टाटांनी वीज केली. टाटांच्या या योजनांच्या विजेवर मुंबईच्या कापड गिरण्या चालल्या. त्या धरणासाठी ज्यांच्या जमिनी जात होत्या त्या मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापट त्याचे पुढारी होते. तेव्हा कापडाच्या धंद्यावर या तालुक्याचे जुने ऋण आहे. तथापि धरण जवळ आहे म्हणून शेडमध्ये व्होल्टेज पुरेसे मिळते असे नव्हे. आपल्याला मिळणारे व्होल्टेज शेवटचा ट्रान्सफॉर्मर किती दूर आहे, त्यावर किती पंप व कारखाने आहेत आणि तार किती जाड आहे, यावर ठरते.

४१५ व्होल्टच्या जागी ३५० व्होल्ट येत असतील तर मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने उतरतो, म्हणजे ७१ टक्क्यांवर येतो. काम तेवढेच असल्याने करंट सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, साडेसातचा नऊच्या जवळ जातो, आणि वाइंडिंगमधील उष्णता १.४ पट होते. मोटारीच्या इन्सुलेशनचे तापमान दर १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते, असा ठोकताळा आहे. येथे रिले ट्रिप होतो तो मोटारीचा प्राण वाचवण्यासाठी. अशा वेळी सेटिंग वाढवणे म्हणजे चोर आला असता भुंकणाऱ्या कुत्र्याचे तोंड बांधणे.

तीन फेजमधील व्होल्टेजचा असमतोल याहून लबाड असतो. तो साडेतीन टक्के असला तरी मोटारीची तापमानवाढ सुमारे २५ टक्क्यांनी वाढते. आणि एक फेज पूर्ण गेला, किटकॅट फ्यूज उडाला किंवा कॉन्टॅक्टरचा एक पॉइंट जळाला, तर चालती मोटार थांबत नाही. ती दोन तारांवर गुरगुरत चालत राहते आणि त्या दोन तारांतला करंट सुमारे पावणेदोन पट होतो. म्हणून नवा रिले घेताना फेज गेल्यास ट्रिप होणारा मागावा. रिलेच्या स्क्रूखाली ढिली वायर असली तर तो सांधाच तापून पट्टीला फसवतो. वायरचे टोक काळे पडले असल्यास प्रथम तेच कापून नवे लग लावावे.

सिंगल फेज कॉम्प्रेसरवाल्यांनी, विशेषतः साइटवर रंग मारणाऱ्यांनी, एक्स्टेन्शनच्या वायरीकडे पाहावे. १ चौरस मिलिमीटरची ३० मीटर वायर घेतली तर जाणारी-येणारी मिळून तिचा विरोध १.१ ओहमच्या पुढे जातो. २ हॉर्सपॉवरची मोटार उठताना ५० अॅम्पियर मागते. वायरीतच ५०-५५ व्होल्ट खर्च होतात आणि २३० चे १७५ उरतात. ४ चौरस मिलिमीटरच्या वायरीत हाच खर्च १५ व्होल्टच्या आसपास होतो. त्यापेक्षा उत्तम म्हणजे कॉम्प्रेसर प्लगजवळ ठेवावा आणि हवेचा पाइप लांब घ्यावा. तरीही मोटार नुसती गुणगुणून थांबत असेल तर स्टार्ट कपॅसिटर बदलून पाहावा.

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या नियमांनुसार लघुदाब ग्राहकाला व्होल्टेज ६ टक्के कमी-अधिकच्या आत मिळायला हवे, म्हणजे ४१५ ला साधारण ३९० ते ४४०. कमी मिळत असल्यास तोंडी तक्रार करून उपयोग नाही. आठवडाभर सकाळ, दुपार, संध्याकाळ मोटार चालू असताना तिन्ही फेजचे आकडे तारीख-वेळेसह लिहावेत, ते जोडून उपविभाग कार्यालयात अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. काम न झाल्यास ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाता येते, तेथे ही पोच हवी असते.

मुळशीचा पाऊस सर्वांना माहीत आहे. पावसाळ्यात आठ-पंधरा दिवस बंद राहिलेली मोटार एकदम चालू करू नये, मेगर लावून घ्यावा. एक मेगओहमपेक्षा कमी दाखवत असेल तर जुना पिवळा बल्ब जवळ लावून ती आधी वाळवावी. शिलाईच्या कारखान्यात दुसराच त्रास असतो. कापडाचे बारीक तंतू मोटारीच्या पंख्याच्या जाळीवर गादीसारखे बसतात आणि वारा बंद होतो. दर आठवड्याला ब्रश मारला तरी पुरे.

इतके करूनही मोटार जळालीच तर रिवाइंडिंगवाल्याकडे नुसती टाकून येऊ नये, उघडताना समोर उभे राहावे. सर्व कॉइल सारख्या काळ्या झाल्या असतील तर कारण जास्त लोड, कमी व्होल्टेज किंवा उठू न शकणे. काही कॉइल काळ्या आणि काही स्वच्छ तांबूस असतील तर एक फेज गेला होता. स्टार जोडणीत दोन फेजच्या कॉइल जळतात, डेल्टात बहुधा एकाच फेजच्या. हे कळल्याशिवाय नवी वाइंडिंग बसवली तर तीही त्याच वाटेने जाते. तारेचा गेज आणि वेढ्यांची संख्या जुन्याप्रमाणेच हवी, हे सांगून ठेवावे. मोटार परत आल्यावर पट्टा न चढवता चालवून तिन्ही तारांचा करंट पाहावा. तो तिन्हींत जवळजवळ सारखा असावा आणि नेमप्लेटच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी भरावा. तो आकडा, ८ किलो प्रेशरला येणारा आकडा आणि तारीख स्टार्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूस खडूने नव्हे, मार्कर पेनने लिहून ठेवावी.